‘चित्त स्वस्थ नाहीं’ : जुन्या कागदांतील मनोविकार व उपचाराची वाट

जुन्या दप्तरांत राजकारण शोधणारास राजकारण सांपडतें, वंशावळ शोधणारास वंशावळ सांपडते व तिथि शोधणारास तिथि सांपडते. परंतु त्याच कागदांत ज्या माणसांचीं नांवें येतात त्यांच्या मनाची स्थिति काय होती, हें विचारण्याची संवय आपणां संशोधकांस फारशी नाहीं. शरीराचे विकार आपण काळजीनें टिपतों. थोरले माधवराव पेशवे क्षयानें थेऊर मुक्कामीं १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं वारले, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. मनाच्या विकाराची गोष्ट निघाली म्हणजे मात्र आपली लेखणी दोनच शब्दांवर थांबते : एक ‘वेड’ व दुसरा ‘शोक’. या दोन शब्दांच्या मधें जो विस्तीर्ण प्रदेश आहे, ज्यांत झोप न येणें, अन्नावर वासना नसणें, जीव घाबरा होणें, कशांतच मन न लागणें, जीविताचा कंटाळा येणें या गोष्टी येतात, तो बहुतेक अस्पष्टच राहिला आहे.

प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, आरडाओरड करणाऱ्या वेडाची नोंद झाली, कारण त्यामुळें कारभार अडला. निमूटपणें सोसलेल्या विकाराची नोंद झाली नाहीं, कारण त्यामुळें फक्त तो सोसणारा अडला. ज्याची नोंद नाहीं त्यास नांव नाहीं, व ज्यास नांव नाहीं त्यावर उपचार शोधावयास माणूस फार उशिरां घराबाहेर पडतो. ही गोष्ट जितकी पेशवाईंतील आहे तितकीच आजची आहे. म्हणून कागद जपणाऱ्या मंडळींपुढें ती मांडणें आम्हांस उचित वाटतें.

१. शब्दांची तपासणी

कोणत्याही कागदावरून अनुमान काढण्यापूर्वीं त्यांतील शब्द पारखून घ्यावे, हा आपला नेहमींचा नियम येथें विशेष कडकपणें पाळला पाहिजे. मराठींत मनाच्या बिघाडास शब्दांची वाण नाहीं. वेड, खूळ, पिसें, चळ, भ्रम, उन्माद हे शब्द एका बाजूस. झपाटणें, झाड लागणें, लागीर होणें, बाधा हे दुसऱ्या बाजूस. पहिल्या गटांत बिघाड माणसाच्या आंत मानला आहे, दुसऱ्यांत तो बाहेरून आलेला मानला आहे. फेफरें अथवा अपस्मार हा तिसराच विकार. तो मेंदूचा असून त्याची गणना वेडांत करणें ही चूक आहे, तरी जुन्या लिहिणारांकडून ती वारंवार होते.

शिवाय या शब्दांना भक्तिमार्गानें दुसराच अर्थ चढविला आहे. महानुभाव पंथाचे श्रीगोविंदप्रभु ऋद्धिपुरास राहत असतां त्यांच्या विलक्षण वागण्यामुळें लोक त्यांस वेडे, पिसे समजत. आणि त्यांच्या लीला लिहून ठेवणाऱ्या म्हाइंभटास तेंच ईश्वराचें लक्षण वाटे. तेव्हां ‘पिसे’ हा शब्द दिसतांच तो रोगाचा मानणें जसें चुकीचें, तसेंच प्रत्येक वेडास साधुत्वाचा मुलामा देणेंही चुकीचें. शब्द कोणी, कोणास उद्देशून व कशाकरितां लिहिला, हें पाहूनच त्याचा अर्थ ठरवावा.

याहून अवघड शब्द म्हणजे ‘चित्त स्वस्थ नाहीं’, ‘शरीरीं समाधान नाहीं’ हे होत. पत्रव्यवहारांत असे शब्द इतके सर्रास येतात कीं वाचणारा ते ओलांडून पुढें जातो. पुष्कळ वेळां त्यांत केवळ राजकारणाची काळजी किंवा पत्र उशिरां लिहिल्याचें निमित्त असतें. परंतु एकाच माणसाच्या पत्रांत तेच शब्द महिनेच्या महिने येत राहिले, त्यांबरोबर निद्रेची, अन्नाची, एकांताची तक्रार येऊं लागली, व नेहमींचें कामकाज सुटूं लागलें, तर तेथें थांबावें. एक पत्र कांहींच सिद्ध करीत नाहीं; पत्रांची मालिका पुष्कळ सांगते.

२. वैद्यकग्रंथांचें म्हणणें

आपल्या पोथ्यांत या विकारांचें विवेचन कमी आहे असें नाहीं. चरकसंहितेंत निदानस्थानाचा सातवा अध्याय व चिकित्सास्थानाचा नववा अध्याय हे दोन्ही उन्मादास वाहिलेले आहेत. मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति म्हणजे आवड, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी चरकाची व्याख्या आहे. तो उन्मादाचे पांच प्रकार मानतो : वात, पित्त, कफ यांचे तीन, तिघांच्या मिश्रणाचा चौथा व आगंतु पांचवा. सुश्रुत उत्तरतंत्रांत याच विषयाकडे वळून मनाच्या दुःखानें होणारा एक निराळा प्रकार मानतो, व त्याचीं कारणें देतांना चोरांचें भय, राजपुरुषांचें भय, शत्रूचें भय, द्रव्याचा व आप्तांचा नाश आणि प्रेमभंग यांचा उल्लेख करतो. ज्यानें लुटीच्या व खंडणीच्या हकीकती वाचल्या आहेत, त्यास ही यादी पुस्तकी वाटणार नाहीं.

येथें दोन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, देव, गंधर्व, पिशाच अथवा राक्षस हे निर्दोष माणसास आपण होऊन पीडा देत नाहींत, विकाराचें मूळ माणसाच्या स्वतःच्या प्रज्ञापराधांत शोधावें, असें चरक निदानस्थानांत स्पष्ट सांगतो. भूतबाधेचें वर्णन करणाऱ्याच ग्रंथांत ही मर्यादा घातलेली आहे. मात्र या मताला दुसरी बाजू आहे. दोष पिशाचावरून काढून रोग्यावर ठेवला म्हणजे रोग्याची लाज कमी न होतां वाढण्याचा संभव असतो. आजच्या वैद्यकास हा दोष मान्य नाहीं. शरीरप्रकृति, आनुवंशिकता, बाळपणचे आघात, दारिद्र्य, वियोग अशीं अनेक कारणें एकत्र येऊन विकार होतो व त्यांत रोग्याचें पाप शोधावयाचें नसतें, असें तें मानतें.

दुसरी गोष्ट आमच्या विषयास अधिक जवळची आहे. उन्माद प्रकट होण्यापूर्वींचीं लक्षणें सांगतांना चरक डोकें रिकामें वाटणें, डोळ्यांची अस्वस्थता, कानांत नाद, श्वासाची अधिकता, अन्नाची नावड, अपचन, छातीत आवळल्यासारखें होणें, भलत्या वेळीं विचारांत गढून जाणें, थकवा, मोह व उद्वेग हीं मोजतो. आजचा मानसोपचारतज्ज्ञ चिंताविकाराची अथवा अवसादाची चौकशी करतांना ज्या गोष्टी विचारतो, त्यांपैकीं कित्येक या यादींत आहेत. दोन काळच्या रोगांची नांवें एकमेकांस चिकटविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु आमच्या समजुतीप्रमाणें येथें एक मर्म आहे : आज ज्यांस आपण स्वतंत्र, नित्य आढळणारे विकार म्हणतों, त्यांचीं लक्षणें ग्रंथकारानें पाहिलीं होतीं, पण तीं त्यास मोठ्या वेडाच्या उंबरठ्यावर दिसलीं, म्हणून तीं ‘पूर्वरूपें’ ठरलीं. उंबरठ्यावरच आयुष्य काढणारा व कधींही आंत न जाणारा रोगी निराळ्या नांवाविना राहिला.

३. मंत्र आणि औषध एकाच बाडांत

वैद्यकाचीं बाडें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस हें ठाऊकच आहे कीं, एका पानावर उन्मादावरील घृताचा पाठ असतो, दुसऱ्यावर यंत्र रेखाटलेलें असतें, व तिसऱ्यावर दृष्ट काढण्याचा तोडगा. सूचि करणारा मनुष्य मग गोंधळतो. बाड ‘वैद्यक’ या सदरांत घालावें कीं ‘मंत्रशास्त्र’ या सदरांत? ही अडचण आपली आहे, लिहिणाराची नव्हे. चरकानेंच उपचाराचे तीन मार्ग सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, बलि, व्रत इत्यादि; युक्तिव्यपाश्रय म्हणजे आहार व औषध यांची योजना; आणि सत्त्वावजय म्हणजे अहितकारक विषयांपासून मन आवरणें. अठ्ठावीस औषधींचें कल्याणक घृत सांगणारा चरकच, प्रिय वस्तूच्या नाशानें मन दुखावलेल्यास तत्सदृश वस्तु देऊन व सांत्वन करून शांत करावें, असेंही सांगतो. त्याच अध्यायांत रोग्यास भय दाखविण्याचे व ताडनाचे कठोर उपायही आहेत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मऊ व कठोर दोन्ही हात एकाच परंपरेचे आहेत.

श्रीगुरुचरित्रांतील शिरोळच्या स्त्रीची कथा या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. तिचीं मुलें जगत नाहींत. याचें कारण पूर्वजन्मींच्या ऋणामुळें लागलेला ब्रह्मसमंध, असें तिला सांगण्यांत येतें. ती औदुंबराची सेवा करते. पुढें झालेलें मूलही मरतें, तेव्हां ती शव सोडावयास तयार होत नाहीं. अशा वेळीं एक ब्रह्मचारी येऊन तिला जन्ममरणाविषयीं दीर्घ उपदेश करतो. भाविकास त्यांत श्रीगुरूंचें दर्शन होईल. इतिहास वाचणारास त्यांत आणखी एक गोष्ट दिसावी : शोकानें जड झालेल्या आईजवळ कोणी तरी येऊन बसला, तिच्याशीं बोलला व तिचें बोलणें त्यानें ऐकून घेतलें. नरसोबाची वाडी व गाणगापूर या क्षेत्रीं बाधा झालेलीं माणसें आणण्याची चाल जी टिकली, तिच्यांत श्रद्धेबरोबर हाही भाग आहे. घरांत ज्यास ‘ढोंग’ म्हटलें जातें, तें क्षेत्रीं दुःख म्हणून तरी मान्य होतें. लोक तेथें कां जातात हें समजून न घेतां त्यांस हंसणारा सुधारक त्यांना वैद्याकडेही नेऊं शकत नाहीं.

४. तीन मृत्यु

आतां ज्यांचीं साधनें विपुल आहेत अशीं तीन उदाहरणें घेऊं.

पहिलें नानासाहेब पेशव्यांचें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें व २३ जून १७६१ रोजीं ते पर्वतीवर वारले. मधले पांच महिने पुत्र विश्वासराव व बंधु सदाशिवरावभाऊ यांच्या शोकांत गेले. बखरकारांनीं हा मृत्यु शोकाचा परिणाम म्हणून रंगविला, व लोकांनीं तो तसाच स्वीकारला. परंतु त्यांची प्रकृति आधींपासून खालावलेली होती. शोक हा रोग नव्हे, तो सर्वांस होतो. तो महिनोनमहिने न ओसरतां अन्न, निद्रा व कर्तव्य गिळूं लागला म्हणजे वैद्यास विचारण्याची वेळ येते. येथें शरीराचा आजार किती व मनाचा किती, याचा हिशेब ‘शोकानें गेले’ या दोन शब्दांत बंद होऊन गेला.

दुसरें सवाई माधवरावांचें. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर जन्मलेला हा पेशवा २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं शनिवारवाड्याच्या माडीवरून खालीं पडला व २७ ऑक्टोबरला वारला. वय २१ वर्षांचें. ग्रँट डफ यानें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत, नाना फडणिसांच्या धाकानें व बाजीरावाशीं चाललेला पत्रव्यवहार उघडकीस आल्यामुळें झालेल्या अपमानानें तरुण पेशव्यानें उडी टाकली, असें लिहिलें. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, पेशव्यास ज्वर होता व ज्वरांतील भ्रमांत हा अपघात झाला. हा वाद मराठी संशोधकांत दीर्घकाळ चालला आहे व तो येथें मिटविण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. आम्हांस केवळ एक कसोटी पुढें ठेवावयाची आहे. ज्वरांतील भ्रम हा तासांत किंवा दिवसांत उद्भवतो. त्यांत शुद्धि झांकोळते, रात्रीं तो वाढतो, मधेंच माणूस शुद्धीवर येतो व पुन्हां असंबद्ध बोलतो. अवसाद मात्र आठवडे किंवा महिने चालतो. शुद्धि शाबूत असते, पण उत्साह, आवड, निद्रा, भूक व आशा हीं हळूहळू मावळतात. तेव्हां ‘भ्रम झाला’ कीं ‘उदास होते’ या शब्दांवर न भांडतां, कोणतें लक्षण कोणत्या तारखेस प्रथम नोंदलें गेलें, हें पाहावें. दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणीं एकत्र असूं शकतात, हीही शक्यता वाद घालणारांनीं विसरूं नये.

या वादांत आणखी एक अडसर आहे. आत्मघात म्हणजे कलंक, ही भावना लिहिणाराच्याही मनांत असते व वाचणाराच्याही. मग एक पक्ष नानांस दोषी ठरविण्याकरितां आत्मघात मानतो, दुसरा पेशव्याचें नांव राखण्याकरितां अपघात मानतो. दुःखी माणसाची चौकशी दोघेही करीत नाहींत.

तिसरें उदाहरण यशवंतराव होळकरांचें. इंग्रजांशीं तह झाल्यावर भानपुरा येथें तोफा ओतण्याच्या कामांत ते रात्रंदिवस गढून गेले, मद्यपान वाढलें, स्वभाव अनावर झाला, व १८०८ च्या सुमारास वेड उघड झालें. जॉन माल्कम यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथांत ही हकीकत दिली आहे. या पराक्रमी पुरुषास दोरखंडांनीं बांधून ठेवावें लागलें. पुढें उन्मादाचा जोर ओसरून ते जडवत् झाले, आणि ऑक्टोबर १८११ मध्यें वारले. दौलतीचा कारभार तुळसाबाईच्या हातीं गेला. मद्य, अतिश्रम, मेंदूचा एकादा रोग, कीं स्वतंत्र मनोविकार, याचा निकाल दोनशें वर्षांनंतर देणें हें धाडसाचें होईल. परंतु हें वेड इतक्या तपशिलानें कां नोंदलें गेलें, याचें उत्तर सरळ आहे : होळकरशाही डळमळली म्हणून. होळकरांच्या छावणींत त्याच वर्षीं झोप हरवून बसलेल्या एकाद्या कारकुनाची अथवा शिपायाच्या बायकोची नोंद करण्याचें कारण कोणासही नव्हतें.

५. दोरखंडापासून कायद्यापर्यंत

दोरखंड केवळ राजवाड्यांतच होता असें नाहीं. ज्यास घर आवरूं शकत नसे त्यास खांबाला किंवा खोलींत बांधावें, ही रीत सर्वत्र होती. इंग्रजी अमलांत तिच्या जागीं वेड्यांचीं इस्पितळें आलीं. १८५८ च्या कायद्यानें मोकाट फिरणाऱ्या व धोकादायक वेड्यास पकडून मॅजिस्ट्रेटापुढें नेण्याचें काम पोलिसांस दिलें. नागपुरास १८६४ सालीं, रत्नागिरीस १८८६ सालीं व ठाण्यास नौपाड्यांत १९०१ सालीं अशीं इस्पितळें निघालीं. १९१२ च्या कायद्यानें हे सर्व नियम एकत्र केले. या कायद्यांची भाषा वाचली म्हणजे आमचा मुद्दा पुन्हां पुढें येतो : सरकारासही तोच वेडा दिसला, जो रस्त्यावर दिसत होता. इस्पितळाच्या भिंती उंच झाल्या व लोकांच्या मनांत मनोविकाराचें चित्र त्या भिंतींचेंच राहिलें. आपल्या झोपेची तक्रार सांगावयास गेलों तर आपणांस ‘ठाण्यास’ किंवा ‘येरवड्यास’ धाडतील, ही थट्टा व हें भय दोन्ही तेथूनच आलीं.

या भिंतीबाहेर उपचार आणण्याचा प्रयत्न विसाव्या शतकांत झाला. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९३३ सालीं कलकत्त्यास सामान्य रुग्णालयांत मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला; मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. के. के. मसानी यांनीं १९३८ सालीं तसेंच केलें. ही लहानशी दिसणारी गोष्ट फार मोलाची होय. ताप व खोकला दाखवावयास ज्या दारांतून जावयाचें, त्याच दारांतून मनाचें दुःख दाखवावयास जातां येऊं लागलें.

पुढें १९८७ चा कायदा झाला व त्याच्या जागीं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. तो २९ मे २०१८ पासून अमलांत आहे. त्यानें उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, रोग्यास सांखळीनें बांधण्यास मनाई केली, व आत्मघाताचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचें कर्तव्य सरकारवर टाकलें. ही मनाई कागदीच वाटत असेल तर ६ ऑगस्ट २००१ ची तमिळनाडूंतील एरवाडी येथील घटना आठवावी. दर्ग्याच्या परिसरांतील एका आश्रयस्थानांत आग लागली. आंतील मनोरुग्ण सांखळ्यांनीं बांधलेले होते. २८ जण प्राणांस मुकले. यशवंतरावांचें दोरखंड व ही सांखळी यांत एकशें नव्वद वर्षांचें अंतर आहे, पण रीत एकच.

६. सर्पगंधेचा धडा

बाडांतील औषधांविषयीं दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. सर्पगंधा ही वनस्पति उत्तरेकडे ‘पागल की दवा’ या नांवानें प्रसिद्ध होती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं तिचा उन्मादावर व रक्तदाबावर होणारा गुण शास्त्रीय नियतकालिकांत मांडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं रक्तदाबावरील तिच्या प्रयोगांचा निबंध विलायतेंत प्रसिद्ध केला. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, व १९५४ सालीं अमेरिकेंत नेथन क्लाइन यांनीं तें मनोरुग्णांवर वापरल्याचें जाहीर केलें. त्याच सुमारास, १९५२ मध्यें, पॅरिस येथें क्लोरप्रोमाझिन वापरांत आलें व उन्मादाच्या उपचारांत क्रांति झाली.

आपल्या वनस्पतीचा हा विजय अभिमानाचा खराच. पण गोष्ट येथें संपत नाहीं. रेसर्पिन घेणाऱ्या कांहीं रोग्यांस खोल अवसाद आल्याचें नोंदलें गेलें व त्याचा वापर मागें पडला. ज्यानें आरडाओरड शांत केली, त्यानेंच कांहींच्या मनांतील प्रकाशही मंद केल्याचा संशय आला! अवसादावरील औषधें निराळ्या वाटेनें आलीं; १९५७ च्या सुमारास इमिप्रामिन व आयप्रोनियाझिड हीं पुढें आलीं, त्यांतील दुसरें मूळचें क्षयावरील औषध होतें. यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा धडा हा कीं, बाडांतील पाठ जपावा, छापावा, त्याचा अभ्यास करावा. परंतु तो स्वतःवर अथवा घरांतील रोग्यावर वापरून पाहूं नये. कित्येक पाठांत पारा व इतर विषारी द्रव्यें असतात, व वनस्पतीचीं नांवें प्रांतोप्रांतीं बदलतात.

७. आजची स्थिति

२०१५–१६ सालीं बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनें १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलें. प्रौढांपैकीं सुमारें १०.६ टक्के लोकांस त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार होता; आणि अवसाद, चिंता यांसारख्या नित्य आढळणाऱ्या विकारांच्या रोग्यांपैकीं सुमारें ८५ टक्क्यांस उपचार मिळत नव्हता. तीव्र वेडाच्या बाबतींत हें प्रमाण त्याहून कमी होतें. म्हणजे जें दप्तरांत दिसलें तेंच गणनेंतही दिसतें : मोठ्यानें ओरडणारा रोग आधीं दाराबाहेर पडतो, मुका रोग घरांतच राहतो. तज्ज्ञांची कमतरता, खर्च व अंतर हीं कारणें खरींच. परंतु ‘हा रोग आहे’ हेंच न कळणें व कळल्यावर लाज वाटणें हीं कारणें त्यांच्या खालोखाल नाहींत.

म्हणून साध्या भाषेंत सांगतों. मन सतत उदास राहणें, पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींत गोडी न वाटणें, झोप व भूक बिघडणें, थकवा, स्वतःस नालायक समजणें, हें दोन आठवड्यांहून अधिक चाललें व कामांत अडथळा येऊं लागला, तर तो अवसाद असूं शकतो. विनाकारण धाकधूक, छातींत धडधड, श्वास कोंडल्यासारखा वाटणें, हातांस कंप, हीं चिंताविकाराचीं लक्षणें असूं शकतात. मात्र शरीराचें दुखणें नाहीं याची खात्री वैद्याकडून करून घ्यावी. संभाषणानें करावयाचे मानसोपचार व औषधें या दोहोंचा अशा विकारांत चांगला उपयोग होतो. औषधाचा गुण दिसावयास कांहीं आठवडे लागतात. तोंवर तें आपल्या मनानें सोडूं नये. देवदर्शन सोडावें असें कोणीही म्हणत नाहीं. दर्शन करून दवाखान्यांत जावें, एवढेंच. मरणाचे विचार येत असतील तर उद्यांवर टाकूं नये. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठींतही उपलब्ध आहे.

८. संग्राहकांस विनंती

शेवटीं आपल्या कामाकडे वळूं. दप्तर हवालीं करतांना घरचा मालक कांहीं पत्रें बाजूस काढतो व ‘हीं घरगुती आहेत, यांत इतिहास नाहीं’ असें म्हणतो, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. त्यांतील कित्येक पत्रें कर्जाचीं असतात, कांहीं भांडणाचीं असतात, आणि कांहीं कोणा आजीच्या, काकांच्या, धाकट्या दिरांच्या ‘डोकें फिरल्याचीं’ असतात. तीं जाळलीं जातात. त्यांबरोबर त्या माणसाचें दुःख, त्यास बरें करण्याकरितां घरच्यांनीं केलेली धडपड, वैद्यास दिलेली दक्षिणा, क्षेत्राचा प्रवास, हें सर्व जळतें. आणि पुढच्या पिढींत तोच विकार उद्भवला म्हणजे घर पुन्हां पहिल्यापासून घाबरतें, जणूं असें कधीं झालेंच नव्हतें.

आमची विनंती तीन कलमी आहे. पहिली, अशीं पत्रें नष्ट होऊं देऊं नयेत. मालकाचा संकोच रास्त असेल तेथें पुडकें मोहोरबंद करून दोन पिढ्यांनंतर उघडण्याच्या बोलीनें ठेवावें, व हयात माणसाविषयींचा मजकूर कदापि छापूं नये. दुसरी, बाडाची सूचि करतांना मंत्र व औषध यांचीं पानें तोडून निराळीं करूं नयेत. दोन्ही एकत्र असणें हाच पुरावा आहे. तिसरी, टिपा देतांना ‘वेडा’ हा निकाल लिहूं नये; कागदांत जें लक्षण आहे, तें ज्या तारखेस आहे, तसेंच लिहावें. निदान करण्याचा अधिकार आपला नाहीं. परंतु लक्षणांची नोंद जपणें हा आपला अधिकारही आहे व कर्तव्यही.

अडीचशें वर्षांपूर्वींच्या पेशव्याचें मन समजून घेण्यास आपण जितका धीर दाखवूं, तितका आपल्याच ओसरीवर निमूट बसलेल्या माणसाच्या बाबतींत दाखविणें अवघड जाऊं नये. त्यानें ‘चित्त स्वस्थ नाहीं’ असें म्हटलें, तर तो पत्राचा मायना समजून पुढचा कागद उलटूं नये. इत्यलम्.